बिलगावचा बल्ब : 'स्वदेस'नंतरची गोष्ट

'स्वदेस' तुम्ही पाहिला असेलच. आशुतोष गोवारीकरांचा, २००४ चा. नासातला मोहन भार्गव गावकऱ्यांना घेऊन ओढ्याचं पाणी अडवतो, वीज तयार करतो आणि म्हातारीच्या झोपडीत बल्ब लागतो. तो सीन आजही रील्सवर फिरतो. शूटिंग झालं वाईजवळच्या मेणवलीत. पण ज्या गावाने हे खरोखर करून दाखवलं, ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात आहे : धडगाव तालुक्यातलं बिलगाव. आजचा एपिसोड त्याच्यावर.

सातपुड्यातलं हे आदिवासी गाव. विजेच्या तारा तिथवर पोहोचलेल्याच नव्हत्या. गावाजवळ ओढ्याचा एक धबधबा मात्र होता. नर्मदा बचाव आंदोलनाचं काम या भागात आधीपासून होतंच. मोठी धरणं नकोत, तर मग वीज कुठून आणणार, हा प्रश्न आंदोलनाला सतत विचारला जायचा. त्याचं उत्तर भाषणातून देण्याऐवजी करून दाखवायचं ठरलं.

केरळमधल्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' या गटाचे तरुण इंजिनिअर आले. परदेशातल्या भारतीयांच्या 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' या संस्थेने आर्थिक मदत केली. आणि बांध, पाट, टाकी यांसाठी गावाने श्रमदान केलं.

यामागचं विज्ञान दहावीच्या पुस्तकातलं आहे. पाणी किती आणि पडतं किती उंचीवरून, या दोनच गोष्टींवर वीज ठरते. ओढा थोडा अडवायचा, पाटाने पाणी टाकीत आणायचं, तिथून पाइपने जोरात खाली सोडायचं. खाली टर्बाइन फिरतं आणि पाणी परत ओढ्यात जातं. ना धूर, ना कुणाचं घर बुडणार. २००३ मध्ये बिलगावात दिवे लागले. क्षमता १५ किलोवॅट.

गंमत बघा, त्याच वर्षी देशात नवा वीज कायदा आला. सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागणार नाही, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे बिलगावसारख्या गावांसाठी कायद्याचं दारही उघडत होतं.

आता दुसरी बाजू. खाली गुजरातमध्ये सरदार सरोवर धरण उभं राहत होतं. क्षमता १४५० मेगावॅट, म्हणजे बिलगावच्या जवळपास एक लाख पट. त्यातली २७ टक्के वीज महाराष्ट्राच्या वाट्याची. कच्छ-सौराष्ट्राला पाणी मिळणार होतं आणि ती गरज खोटी नव्हती. पण महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात येत होती. मार्च २००६ मध्ये धरणाची उंची ११०.६४ वरून १२१.९२ मीटरवर न्यायला मंजुरी मिळाली. त्याच पावसाळ्यात फुगवट्याचं पाणी बिलगावात शिरलं आणि वीजघर बुडालं. तीन वर्षांत खेळ संपला.

लाखो घरांना वीज द्यायला निघालेल्या धरणाने, स्वतःची वीज स्वतः बनवणाऱ्या गावात अंधार केला.

कुणी म्हणेल, १५ किलोवॅटने देश चालतो का? नाही चालत. कारखाने, रेल्वे, शहरं त्यावर चालणार नाहीत. पण मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. ज्यांच्या घरी शून्य होतं, त्यांच्यासाठी १५ किलोवॅट म्हणजे पोरांचा रात्रीचा अभ्यास. शिवाय ही वीज कुणी दिलेली नव्हती. कुणाला किती, वर्गणी किती, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हे गावात बसून ठरवता येत होतं. मोठ्या प्रकल्पाच्या हिशोबात मेगावॅट येतात, हा हक्क येत नाही. म्हणूनच तो बुडाला तरी कुठल्या रकान्यात नोंद होत नाही.

आज गावोगावी सोलर पॅनल दिसतात. पंप आहेत, छतं आहेत, माळरानावरचे मोठे पार्कही आहेत. तुमच्या गावात असा प्रकल्प आला तर किलोवॅट जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, स्विच कुणाच्या हातात आहे? बिलगावने तीन वर्षं तो स्वतःच्या हातात ठेवला होता.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या गावात असा काही प्रयोग झाला असेल तर नक्की कळवा!