नोकरी अर्जाची कागदपत्रे (मुंबई उपनगर)

नोकरी अर्जाची कागदपत्रे म्हणजे नोकरीसाठी अर्ज करताना उमेदवाराने सादर करावयाचा स्वपरिचय, अर्जपत्र, गुणपत्रिका, ओळखीचे पुरावे व शासकीय दाखले यांचा संच होय. मुंबई उपनगर जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी हा संच सामान्यतः पदवीच्या अंतिम वर्षात तयार करतात. स्वपरिचय अल्पावधीत लिहिता येतो. मात्र काही दाखले मिळण्यास अनेक महिने लागू शकतात. त्यामुळे निवड होऊनही कागदपत्र पडताळणीच्या टप्प्यावर उमेदवारी नाकारली जाण्याची शक्यता असते.

पार्श्वभूमी

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झाला. त्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके असून मुलुंड व घाटकोपर हे भाग कुर्ला तालुक्यात मोडतात. येथील बहुतेक महाविद्यालये १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. अंधेरी पूर्वेतील सीप्झ (स्थापना १९७३) व मरोळची औद्योगिक वसाहत यांमुळे हा परिसर रोजगाराचे मोठे केंद्र बनला. संगणकाचा प्रसार होण्यापूर्वी अर्ज हाताने किंवा टंकलेखन करून टपालाने पाठवले जात. आता ते मुख्यतः ऑनलाइन भरले जातात.

स्वपरिचय व अर्जपत्र

स्वपरिचयास बोलीभाषेत बायोडाटा, रेझ्युमे किंवा सीव्ही म्हणतात. अनुभव नसलेल्या विद्यार्थ्याचा स्वपरिचय बहुधा एका पानाचा असतो. त्यात संपर्क, शिक्षण, प्रकल्प, इंटर्नशिप, भाषा व कौशल्ये यांचा समावेश होतो. विवाहासाठीच्या बायोडाटामध्ये जन्मवेळ, उंची व कौटुंबिक माहिती असते. नोकरीच्या स्वपरिचयात ती अपेक्षित नसते. राष्ट्रीय सेवा योजनेतील काम, शिकवण्या घेणे किंवा कौटुंबिक दुकानाचा हिशेब सांभाळणे ही कामेही अनुभव म्हणून नोंदवता येतात. अर्जपत्रात संबंधित पदासाठी आपण का योग्य आहोत हे थोडक्यात मांडलेले असते. त्यामुळे प्रत्येक पदासाठी ते स्वतंत्रपणे लिहिले जाते.

शैक्षणिक कागदपत्रे

दहावीचे प्रमाणपत्र हा जन्मतारखेचा पुरावा म्हणून सर्वत्र स्वीकारला जातो. शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला पुढील प्रवेशाच्या वेळी जमा करावा लागतो, म्हणून त्याच्या प्रती जपून ठेवणे आवश्यक ठरते. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळते. तोपर्यंत सर्व सत्रांच्या गुणपत्रिका व तात्पुरते प्रमाणपत्र वापरले जाते. राज्य शासनातील लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र लागते.

नावातील तफावत

महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशी नावाची रचना रूढ आहे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम येते व आईचे नाव वेगळे छापलेले असते. आधार व पॅनवर मात्र क्रम वेगळा असू शकतो किंवा वडिलांचे नाव वगळलेले असते. एकाच देवनागरी आडनावाची रोमन लिपीत अनेक स्पेलिंगे होतात, तसेच विवाहानंतर काही स्त्रियांचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलतात. अशा वेळी ओळखपत्रातील दुरुस्ती, राजपत्रातील नावबदलाची नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र यांचा आधार घेतला जातो. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी राज्य शासनाने नावात आईचे नाव समाविष्ट केले आहे. सध्याच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हा नियम लागू नाही.

शासकीय दाखले

वय अधिवास दाखल्यासाठी राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. भाड्याची घरे वारंवार बदललेल्या कुटुंबांना सलग पुरावा जुळवणे अवघड जाते. अशा वेळी शाळेतील नोंदी उपयोगी पडतात.

जातीच्या दाखल्याची प्रक्रिया सर्वाधिक वेळखाऊ असते. अर्जदाराचे पूर्वज ठरावीक दिनांकास जेथे कायम वास्तव्यास होते, तेथील सक्षम प्राधिकारी हा दाखला देतो. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. परिणामी घाटकोपर किंवा मुलुंडमध्ये जन्मलेल्या, परंतु मूळचे रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यातील असलेल्या विद्यार्थ्याला आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधील उताऱ्यासाठी गावी जावे लागू शकते. त्यानंतर महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३, २००१ नुसार जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र घ्यावे लागते. इतर मागासवर्गीयांसाठी केंद्र व राज्य शासनाच्या दाखल्यांचे नमुने वेगळे आहेत. अनेक दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात अर्ज करता येतो.

पडताळणी

राज्य शासनाने २०१५ पासून अनेक कामांसाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाऐवजी स्वयंसाक्षांकित प्रती स्वीकारण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी केंद्र शासनाची डिजिलॉकर सेवा सुरू झाली. खासगी कंपन्या पदवी व पूर्वानुभवाची खातरजमा संबंधित संस्थेकडे करतात. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत संघ (२०१६) या खटल्यात, उमेदवाराने पडताळणी अर्जात दिलेली माहिती खरी असली पाहिजे, असे स्पष्ट केले. माहिती दडवल्यास नियुक्ती रद्द होऊ शकते. मात्र निर्णय घेताना नियोक्त्याने प्रकरणातील परिस्थितीही विचारात घ्यावी, असेही न्यायालयाने म्हटले.

हेही पहा

* मुंबई विद्यापीठ
* मुंबई उपनगर जिल्हा
* महाराष्ट्र लोकसेवा आयोग
* डिजिलॉकर