पटाची जोडी आणि रोजची वाट

माझा एक भाचा जर्मनीत, स्टुटगार्टला असतो. परवा त्याने फोनवर आपल्या नव्या मोटारीचा फोटो पाठवला. मोटार पिवळी, बुटकी आणि कुणावर तरी रागावल्यासारखी. मागच्या बाजूला एक आडवी फळी ठोकलेली.

"ही फळी कशाला रे? बिछाना ठेवायला?"

"मामा, तो विंग आहे. वेग वाढला की वाऱ्याच्या जोरानं मागची चाकं जमिनीवर दाबून धरतो."

"आणि मागची सीट?"

"काढूनच येते. वजन कमी व्हायला."

म्हणजे पैसे जास्त आणि बसायला जागा कमी. शर्यतीच्या मैदानासाठी बांधलेली ही गाडी. तिला रस्त्यावर फिरायची परवानगी होती, इतकंच. आणि आमचे चिरंजीव तिच्यातून रोज ऑफिसला जाणार होते!

तीन आठवड्यांनी त्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा आवाजात जोर नव्हता. स्प्रिंगा कडक, त्यामुळे रस्त्यावर पडलेलं नाणं छापा आहे की काटा, हे कमरेला समजतं. गतिरोधक आला की गाडी खेकड्यासारखी तिरकी घ्यावी लागते. तरी हार मानायला तो तयार नव्हता. उलट त्याने मला त्याच्याच गावची एक गोष्ट ऐकवली. ९१७ नावाची पोर्शेची एक शर्यतीची मोटार होती. १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षं ल मॉंची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली. इटलीतल्या रोस्सी नावाच्या एका सरदाराने अशी एक गाडी रोजच्या रस्त्यासाठी मागून घेतली. आरसे लावले, आवाज कमी करायच्या नळ्या बसवल्या, आत चामड्याची गादी घातली, थेट अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची नंबरप्लेट मिळवली आणि १९७५ साली हा गृहस्थ त्या राक्षसात बसून स्टुटगार्टहून पॅरिसला गेला.

"आहे का असं उदाहरण दुसरीकडे कुठे?" भाच्याने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "मी स्वतः बसलोय त्यात. चंद्रपूर जिल्ह्यात."

तो हसला. पण मी थट्टा करत नव्हतो.

विदर्भाच्या पूर्व टोकाला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा जो भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख आहे, त्याला झाडीपट्टी म्हणतात. यातले चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकाच घरातले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गडचिरोलीने वेगळी चूल मांडली. जिल्हे वेगळे झाले तरी दोन वेडं सामायिकच राहिली. एक रात्रीच्या नाटकांचं आणि दुसरं दिवसाच्या शंकरपटाचं. धान घरात आलं की मंडया भरतात. दिवसा बैलांचा पट, रात्री नाटक. आणि दोन्हीकडे पाव्हण्यांची गर्दी. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलकी छकडी, तिच्यावर तोल सावरत उभा असलेला धुरकरी, पुढे सरळ वाट आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. झेंडी पडली की जोडी सुटते, आणि तुम्ही शेजाऱ्याला "कोणाची जोडी जी?" असं विचारेपर्यंत संपतेसुद्धा. सगळा हिशेब सेकंदांचा. त्या मोजक्या सेकंदांसाठी मालक वर्षभर सरकीची ढेप चारतो आणि रात्री उठून गोठ्यात डोकावतो.

शर्यतीच्या आणि रोजच्या जनावरात इतका फरक पूर्वी नव्हता म्हणतात. विदर्भातली गवळाऊ जात घ्या. पांढरीशुभ्र, अंगाने सडपातळ, पायाने चपळ. मराठ्यांच्या फौजांची रसद डोंगराळ मुलखातून झटपट हलवता यावी म्हणून ही दुडक्या चालीची जात जोपासली गेली, असं जनावरांच्या जातींचे जाणकार सांगतात. म्हणजे आधी लढाईचा सरंजाम, मग शेताचा गडी आणि सणावाराला पटाचा वीर. एकाच अंगावर तीन डगले. पुढे हौस वाढली, बक्षिसं वाढली आणि पटाची जोडी वेगळी झाली. नांगराला नाही, ओझ्याला नाही, फक्त धावण्यासाठी.

मी त्या भागात एका बँकेच्या शाखेत शेतीकर्जं बघायला होतो. गाव नागभीडपासून चौदा किलोमीटर. तिथल्या पाटलांकडे अशी एक जोडी होती. एकाचं नाव मेल, दुसऱ्याचं तुफान. गोठ्याला पंखा होता. तोपर्यंत माझ्या भाड्याच्या खोलीत नव्हता.

आणि ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तामिळनाडूतला जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यती, दोन्ही बंद. गावात निकालाला पुष्कळ शिव्या बसल्या. पाटलांनी मात्र दिली नाही. एकदा ओट्यावर बसले असताना म्हणाले, "साहेब, कोर्ट काही खोटं नाही बोलून राहिलं जी. तुतारीचे खिळे म्या पाह्यले. शेपट्या पिरगाळताना पाह्यलं. म्या माझ्या जोडीले कधी टोचलं नाही, पण दुसऱ्यानं टोचलं तवा म्या काही बोललोही नाही." मग बराच वेळ अडकित्ता चालू राहिला.

आता प्रश्न जोडीचा होता. ढेपेचा खर्च तसाच, बक्षीस बंद. विकावी तर घेणारा पहिलंच विचारी, "शेतात चालतात का?" आणि तीच तर गोम होती. चालणं ही कला त्यांना कोणी शिकवलीच नव्हती. भाताच्या बांधीत चिखलणीला जुंपले तर या टोकाहून त्या टोकाला असे सुटले, की मागचा गडी चिखलावर पोटावरून घसरत गेला आणि शेजाऱ्याच्या बांधीत उठून बसला. पाटलीणबाई म्हणाल्या, "विकून टाका नं." पाटील म्हणाले, "कोणाले? खाटकाले?" त्यावर बाई आत गेल्या आणि ढेप भिजवायला टाकली.

अशा वेळी पाटलांनी टायरच्या नव्या बंडीसाठी आमच्याकडे कर्जाचा अर्ज केला. धान गिरणीला, खत शेतात, दुसऱ्यांची भाडी. जोडी पोटापुरतं कमावील हा हिशेब. अर्जात एक रकाना होता: 'बैल कामाचे आहेत काय?' तो भरण्यासाठी प्रत्यक्ष पाहणी करायची होती. मला नागपूरला जायचंच होतं. पाटील म्हणाले, "मंग पाह्यणी कायले वेगळी करता जी? जोडीच सोडून देते तुमाले टेशनावर."

२०१५चा फेब्रुवारी. पहाटेची कडाक्याची थंडी. पाटलांच्या जुन्या रेंगीत तणस अंथरून मी बसलो. मांडीवर बँकेची बॅग, पायाशी पाटलीणबाईंनी दिलेली तांदळाची पिशवी. आमच्याबरोबरच शेजारच्या एका आजोबांची धानाची पोती भरलेली बंडी निघाली. त्यांचे बैल म्हातारे. एक तर चालता चालता झोपतो, असा गावात लौकिक होता.

पाटलांनी कासरा सैल केला मात्र, माझं बूड तणसावरून उठलं ते हवेतच राहिलं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी पट्टी बसवतात, तिला 'धाव' का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. दोन्ही बाजूंची झाडं एकमेकांत मिसळली. तांदळाची पिशवी माझ्या मांडीवर आली आणि बँकेची बॅग पाटलांच्या पाठीवर. आजोबांची बंडी मागे ठिपक्याएवढी झाली. 'चला, तासाभरात नागभीड,' असं मनात म्हणतो आहे, तोच रेंगी थांबली. कचकन.

"काय झालं?"

"पट झाला," पाटील खाली मान घालून म्हणाले.

त्या दोघांच्या हिशेबी शर्यत संपली होती. त्यांना तेवढंच माहीत होतं. सुटायचं, जीव तोडून धावायचं, थांबायचं. मग लोक येतात, पाठीवर थाप मारतात, गुलाल लावतात. दोघे धापा टाकत, माना वळवून माझ्याकडे बघत उभे. मी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. शेवटी बँकेचा अधिकारी खाली उतरला आणि त्याने दोन्ही बैलांच्या पाठीवर थाप मारली.

एवढ्यात आजोबांची बंडी कुईकुई करत आली. "काऊन जी साहेब, थांबले?" एवढं विचारून पुढे गेली. पुन्हा आम्ही सुटलो. त्यांना मागे टाकलं. पुन्हा पट झाला. पुन्हा खाली उतरून थाप. पुन्हा कुईकुई. "काऊन जी साहेब?" एके ठिकाणी आठवडी बाजाराला निघालेल्या बायांचा घोळका दिसला. गर्दी म्हणजे शर्यतीचं टोक, असं समजून जोडी त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि गुलालाची वाट पाहू लागली. एका बाईने टोपलीतला मुळ्याचा पाला दिला तेव्हा हलली. चौदा किलोमीटरमध्ये आम्ही आजोबांना अकरा वेळा मागे टाकलं, आणि नागभीडच्या वेशीत दोन्ही बंड्या एकदमच शिरल्या. त्यांचा बैल जागासुद्धा झाला नव्हता.

स्टेशनात नागपूरची गाडी उभी होती. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी. २०१९मध्ये मार्ग रुंद करायला घेतला तेव्हा ती बंद झाली. ती निघाली आपल्या बेताच्या चालीने, कुठलीही घाई न करता, आणि मला वाटलं, शहाणपण शेवटी हेच. खिडकीशी बसून मी अर्ज काढला. 'बैल कामाचे आहेत काय?' बाहेर पाटील दोघांच्या मधे उभे होते, दोन्ही हात दोन वशिंडांवर. धापा अजून चालू होत्या. तिघांच्याही.

चोवीस वर्षांच्या नोकरीत मी खोटं लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं, "होय."

परत आलो तेव्हा पाटलांना तसं सांगितलं. म्हटलं, आता हे खरं करायचं काम तुमचं. त्यानंतर मी रोज संध्याकाळी एक दृश्य बघत असे. मामा तलावाच्या पाळीवरून, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या बांधावरून, पाटील पायी चाललेले आहेत आणि मागे कासऱ्याला मेल आणि तुफान. गाडी नाही, ओझं नाही. साठीला आलेला माणूस दोन बैलांना चालायला शिकवतो आहे. ते उसळले की हा थांबे. काही बोलत नसे. ते शांत झाले की पुन्हा पाऊल टाकी. आपलं मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. इथे टाळी वाजवायची सोय नव्हती. टाळी ऐकली की ते धावले असते. दुसऱ्या पावसाळ्यात जोडी चिखलणीला निभली. त्याच्या पुढच्या वर्षी कर्ज फिटलं. माझं "होय" तीन वर्षं उशिरा का होईना, खरं झालं.

कायद्याचा पट मात्र चालूच होता. २०१७ साली राज्याने शर्यतींसाठी कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याचा दाखला लागतो आणि तुतारी बंद. पाटील म्हणतात, "हे आधीच केलं असतं त..." आणि वाक्य सोडून देतात.

पट पुन्हा सुरू झाले तेव्हा मी नागपूरला निवृत्त होऊन बसलो होतो. पाटलांनी बोलावलं म्हणून गेलो. मेल आणि तुफान आता म्हातारे, दात झिजलेले. पाहुण्यांच्या जेवणासाठी तांदळाची पोती घेऊन आम्ही त्यांच्याच बंडीतून मैदानावर गेलो. वाटेत एकदाही पट झाला नाही. बंडी मैदानाच्या कडेला सोडली. तिकडे झेंडी पडली, गर्दी ओरडली, आणि तुफानचे दोन्ही कान ताठ झाले. मेलने मान वर केली. पाटलांचा हात आपोआप कासऱ्याकडे गेला. मी आपला पोती धरून बसलो.

तुफानने एक पाऊल पुढे टाकलं. मग खाली वाकून तणसाची काडी उचलली आणि चघळू लागला.

पाटलांनी कासरा सोडला आणि उपरण्याने तोंड पुसलं. घाम पुसला असं ते म्हणाले. जानेवारी महिना होता.

ही सगळी गोष्ट मी भाच्याला फोनवर सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, लाईन तुटली.

"मामा," तो म्हणाला, "बैल शिकले. मोटार कशी शिकणार?"

"ती नाही शिकणार," मी म्हटलं. "पाटील तिच्या पुढे चालले असते तरी नाही. आता कुठे आहेस?"

मागून घंटेचा आवाज आला आणि कसली तरी सावकाश खडखड.

"ट्राममध्ये," तो म्हणाला. "ऑफिसला चाललोय."