भानू अथैया: कॅनव्हासपासून ऑस्करपर्यंत

भारताच्या पहिल्या ऑस्कर विजेत्या भानू अथैया मुळात चित्रकार होत्या. त्यांचा जन्म १९२९ मध्ये कोल्हापुरात झाला. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार असल्याने कलेची ओढ घरातूनच लागली; पण वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात चित्रे मांडली. 'इव्ह्ज वीकली'साठी फॅशनची रेखाटने करता करता त्या कपडे डिझाइन करू लागल्या. १९५६ च्या 'सी.आय.डी.'नंतर चित्रपटांची वेशभूषा हेच मुख्य काम झाले आणि कॅनव्हास मागे पडला. १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाला. चित्रकाराची नजर मात्र सुटली नाही. ती कापडावर उतरली.