अर्ध्या सेकंदाचा संशय

कुणीतरी फावल्या वेळात लिहून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरवर विश्वास कधी ठेवावा? मुक्त स्रोताच्या जगात याचे काही ठोकताळे रुजले: कोड उघडा आहे का, किती लोक वापरतात, लिहिणारा किती काळ टिकून आहे. पुरेसे डोळे कोडवर असतील तर चूक लपत नाही, असं एरिक रेमंड यांनी १९९७ साली मांडलं. २०२४च्या ‘एक्सझेड’ प्रकरणात हे सगळे ठोकताळे एकदम फसले, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

एक्सझेड फायली दाबून लहान करतं आणि जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळत होता मुख्यतः एकच माणूस, लासे कॉलिन, तोही बिनपगारी. २०२१च्या अखेरीस ‘जिआ तान’ या नावानं दुरुस्त्या येऊ लागल्या. त्या कामाच्या होत्या. २०२२मध्ये काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यामागे तगादा लावला: काम रखडलंय, दुसऱ्याला जबाबदारी द्या. आपली मानसिक ओढाताण त्यांनी उघड सांगितली होती. अखेर तानला अधिकार मिळाले.

फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा होता. त्याचा कोड चाचणीच्या फायलींत दडवलेला. त्याला जागं करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडात नव्हताच. तो फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात होता. डोळे कितीही असोत, ते दुसरीकडेच बघत होते.

पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेस या डेटाबेसचे प्रोग्रामर. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्यांना खटकलं. त्यांनी माग काढला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. बहुतेक स्थिर लिनक्स आवृत्त्यांपर्यंत ते पोचायच्या आत.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. चांगुलपणाचा इतिहास दोन-अडीच वर्षांत मुद्दाम उभा करता येतो. म्हणून लेखकाची ख्याती पाहून भागत नाही, हातात आलेला गठ्ठा उघड्या कोडातूनच बनलाय का, हे तपासावं लागतं. आणि दुसरी अवघड आहे. हल्लेखोरानं आधी कोडातली फट शोधली नाही, माणसाचा थकवा शोधला. ज्याच्या फुकट कामावर आपण विसंबतो त्याला मदत कोण करतं, हा प्रश्नही गुणवत्तेच्या परीक्षेतच बसतो.