इंधनटंचाई आणि लहान मोटारनौका

इ. स. १९७३ च्या ऑक्टोबर महिन्यात अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. बॅरलमागे सुमारे ३ डॉलर असलेली कच्च्या तेलाची किंमत १९७४ च्या जानेवारीत ११ डॉलरांच्या वर गेली. या घटनेचे राजकीय परिणाम सुविदित आहेत. हौशी मोटारनौकांचे क्षेत्र त्या मानाने गौण खरे. परंतु महागाईत मनुष्य नेमके काय सोडावयास तयार होतो, हे तेथे विशेष स्पष्टपणे दिसते.

मोठी नौका विकून लहान घेतली की इंधन वाचते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. इंग्लंडमध्ये टॉर्की येथे विल्यम फ्रूड याने १८७२ मध्ये प्रयोगकुंड उभारून नौकेला होणाऱ्या जलविरोधाचा अभ्यास केला. पाणी कापीत जाणाऱ्या नौकेच्या वेगाला तिने स्वतः उठविलेल्या लाटेची मर्यादा पडते व ही मर्यादा जलरेषेच्या लांबीच्या वर्गमुळाशी निगडित असते. २५ फूट जलरेषेच्या नौकेस ती ताशी सुमारे ६.७ सागरी मैल, तर ३६ फुटांच्या नौकेस सुमारे ८ मैल येते. मर्यादेच्या आत लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग निम्मा केल्यास प्रवासाचा काळ दुप्पट होतो. पण तेवढ्याच अंतरास इंधन सुमारे चतुर्थांशच लागते. तात्पर्य, खरी बचत आकारापेक्षा वेगाच्या त्यागात आहे.

या तत्त्वावरील नौका टंचाईपूर्वीच अस्तित्वात होत्या. हाँगकाँगच्या ‘अमेरिकन मरीन’ने १९६० नंतरच्या दशकात ‘ग्रँड बँक्स ३६’ ही मंदगती डीझेल नौका बांधावयास आरंभ केला होता. १९७९ च्या इराणी क्रांतीने तेल पुन्हा भडकले. त्यानंतर १९८० मध्ये वॉशिंग्टन राज्यात लिन सेनूर याने आखलेली २६ फुटी ‘नॉर्डिक टग’ विक्रीस आली. अर्थात टंचाईने नवे शास्त्र निर्माण केले नाही. जुन्या शास्त्राला ग्राहक मिळवून दिला.

याच संदर्भात दुसरी एक गोष्ट लक्षणीय आहे. २ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेत संमत झालेल्या कायद्याने महामार्गांवरील वेग ताशी ५५ मैलांवर आणला. रस्त्यावर हे बंधन शासनास घालावे लागले, तर लहान नौकेच्या मालकाने ते खरेदीबरोबरच स्वतःवर घालून घेतले. कायदा मोडता येतो. लाटेची मर्यादा अल्प शक्तीच्या यंत्राने ओलांडता येत नाही.

१९८६ मध्ये तेलाच्या किमती कोसळल्या. ‘नॉर्डिक टग’चीही पुढे ३२, ३७ व ४२ फुटांची, अधिक शक्तीची रूपे निघाली. वेगाची मर्यादा रद्द करणारा कायदाही १९९५ मध्ये झाला. यावरून असे अनुमान निघते की, काटकसर ही त्या समाजाची नवी वृत्ती बनली नव्हती. इंधन महाग असेतोवर वेळ खर्चून पैसा वाचविण्याचा तो एक व्यवहार होता. टंचाईच्या इतिहासात तंत्राचा बदल आणि वृत्तीचा बदल वेगळे मोजणे यासाठीच अवश्य ठरते.