जाहिरातीत एक भाव, बिलात दुसराच! छुपे चार्ज कसे ओळखायचे, तक्रार कुठे करायची?

मोबाईलवर वस्तू दिसते 'फक्त 999 रुपयांत'. पत्ता भरून शेवटच्या पानावर जावं तर आकडा हजाराच्या वर गेलेला. प्लॅटफॉर्म फी, हँडलिंग चार्ज, पॅकिंग, कधी न मागितलेला विमा, नाहीतर आधीच टिक करून ठेवलेली दहा रुपयांची देणगी. नावं वेगवेगळी, खिसा मात्र आपलाच.

या प्रकाराला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. आपल्या ठिबकसारखंच, थेंब थेंब करून भाव वाढवत न्यायचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 फसव्या युक्त्यांवर बंदी घातली. न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणं हीसुद्धा त्यातलीच एक. मात्र एक लक्षात घ्या. चार्ज लावण्यावर बंदी नाही, लपवण्यावर आहे. सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेला डिलिव्हरी चार्ज हा काही गुन्हा नाही.

एमआरपीचं गणित सरळ आहे. पाकिटावर छापलेली किंमत सर्व करांसह असते, त्यामुळे वर पुन्हा जीएसटी लागत नाही. स्टँडवरच्या टपरीत थंड बाटलीला 'फ्रीजचे दोन रुपये जास्त' घेतात, तेही बेकायदा. अपवाद बसून खायच्या हॉटेलचा. तिथे बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त दराने देता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे.

खताच्या दुकानात

शेतकऱ्याचा सगळ्यात जास्त पैसा जातो तो इथे, आणि तोही ऐन पेरणीच्या घाईत. निमकोटेड युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळायला हवी. किंमत गोणीवरच छापलेली असते. पण 'युरिया पाहिजे तर ही बाटलीपण घ्या' असं सांगितलं जातं आणि 266 ची गोणी पाचशे-सहाशेला पडते. यालाच लिंकिंग म्हणतात. कृषी विभाग दर हंगामात लिंकिंग करू नका म्हणून बजावतो, तरी ते चालूच राहतं. कारण पाऊस पडल्यावर भांडायला कुणाला वेळ आहे?

दुकानदाराने साठा आणि दराचा फलक लावला पाहिजे, पक्कं बिल दिलं पाहिजे. आधार लावून अंगठा घेतल्यावर पॉस मशीनमधून जी पावती निघते, ती मागूनच घ्या. त्यावरचा आकडा आणि तुम्ही मोजलेले पैसे जुळत नसतील तर तोच पुरावा. तक्रार पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते.

'झिरो टक्के' हप्ता

समजा, 15,000 चा मोबाईल, 2,500 चे सहा हप्ते, व्याज शून्य. कागदावर मात्र प्रोसेसिंग फी 500, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 590, आणि 750 चा विमा. मोबाईल पडला 16,340 ला. वर गेलेले 1,340 रुपये वर्षाच्या हिशेबाने 30 टक्क्यांच्या वर जातात, कारण मुद्दल दर महिन्याला फिटत असते. त्यात रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळाली नसेल, तर तीही यात धरा.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक किंवा फायनान्स कंपनीने कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं आहे, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर नावाचा एक टक्का असतो. व्याज, फी, विमा सगळं मिळून कर्ज किती महाग पडतं, ते तो सांगतो. सही करण्याआधी बाकी काही वाचलं नाही तरी हा एक आकडा वाचा. त्या कागदात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

हॉटेल आणि गॅस

हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये हेच कायम केलं. जीएसटी वेगळा, तो कर आहे. पण बिलावर जीएसटी नंबर नसेल, किंवा हॉटेल 'कंपोझिशन' योजनेत असेल, तर वेगळा जीएसटी मागताच येत नाही. गॅस सिलिंडरच्या पावतीतच घरपोच देण्याचे पैसे धरलेले असतात. वरचे वीस-तीस रुपये द्यायची सक्ती नाही. तक्रारीसाठी 1800-2333-555.

तक्रार

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915, मराठीत बोलता येतं. फोन करण्याआधी जाहिरातीचा आणि शेवटच्या बिलाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. जाहिरात दुसऱ्या दिवशी बदललेली असते. कर्जाची तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी 14448. एमआरपीची तक्रार वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे. एवढ्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.