शहरांनी वाटून घेतलेली संगणकप्रणाली : डिजिटल दरीचा एक भारतीय इतिहास

१ मे २०२१ रोजी १८ ते ४४ या वयोगटासाठी कोविड लसीकरण खुले झाले, तेव्हा नोंदणी केवळ ऑनलाइनच करता येत होती. ज्याच्या हाती स्मार्टफोन नव्हता, त्याला लसीचा हक्क होता. पण रांगेत उभे राहण्याची वाट नव्हती. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशात या डिजिटल दरीवर नेमके बोट ठेवले. २१ जूनपासून थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची सोय देशभर झाली.

ही दरी केवळ खेड्यांची आहे, असा आपला समज असतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) मात्र शहरी कुटुंबांपैकी सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सुविधा आढळली आणि संगणक तर २३.४ टक्के कुटुंबांकडेच होता. लसीकरणाची नोंदणी केंद्र शासनाची होती. परंतु जन्माचा दाखला, घरपट्टी, नळजोडणी यांसाठी नागरिक रोज ज्या दारी जातो, ते दार नगरपालिकेचे असते. म्हणूनच शहरांनी ही दरी कशी हाताळली, हा इतिहास पाहण्याजोगा आहे.

१ जून १९९३ रोजी ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. जबाबदाऱ्या वाढल्या, पैसा आणि तंत्रज्ञ मात्र त्या प्रमाणात आले नाहीत. १९९९ नंतरच्या काही वर्षांत ठिकठिकाणी स्वतंत्र प्रयोग सुरू झाले. हैदराबादेत एकाच खिडकीवर अनेक देयके भरण्याची सोय झाली, विशाखापट्टणम महापालिकेने ‘सौकर्यम’ उभारले आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्रे संगणकाने जोडली.

प्रयोग चांगले होते, पण त्यांतून एक नवीच दरी दिसू लागली. मोठी महापालिका स्वतःची प्रणाली विकत घेऊ शकते. पन्नास हजार वस्तीच्या गावाची नगरपालिका ती घेणार कशी? घेतली तरी ती दुरुस्त कोण करणार?

याचे उत्तर नगरपालिकेच्या कामाच्या स्वरूपातच दडलेले होते. जन्म-मृत्यूची नोंद १९६९च्या एकाच केंद्रीय कायद्यानुसार होते. घरपट्टीचे नियम राज्यागणिक बदलतात. तरीही मालमत्तेची नोंद, आकारणी, देयक, पावती हा क्रम सर्वत्र सारखाच असतो. तेव्हा गाभा सामाईक ठेवावा आणि दर व नियम तेवढे ज्याचे त्याने भरावेत, असा विचार पुढे आला. एका शहरात सापडलेली चूक एकदा सुधारली की तिचा लाभ सर्वांना मिळतो. शंभर शहरांनी शंभर वेळा तेच काम करण्याचे कारण उरत नाही.

कल्याण-डोंबिवलीचे प्रारूप महाराष्ट्रातील इतर नगरपालिकांसाठी नमुना ठरले. कर्नाटकाने ‘निर्मल नगर’ कार्यक्रमातून अनेक शहरांना एकाच प्रणालीवर आणले. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने निधीसाठी संगणकीकृत कारभार ही सुधारणा बंधनकारक केली. २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन’ने पुढे ‘डिजिट’ ही मुक्त स्रोत प्रणाली विकसित केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियानाने सामाईक पायाची हीच कल्पना देशपातळीवर नेली.

अशा रीतीने शहराशहरांमधील दरी बुजवण्याचा मार्ग सापडला. परंतु प्रणाली आणि माणूस यांच्यामधील दरी त्याने आपोआप बुजत नाही. तिचा धडा केरळात आहे. तेथे जून २००० मध्ये तिरुवनंतपुरमला ‘फ्रेंड्स’ हे देयक केंद्र उघडले आणि नंतर ते सर्व जिल्ह्यांत गेले. घरी संगणक असण्याची अट तेथे नव्हती. संगणक खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यासमोर होता. नोव्हेंबर २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षय’ प्रकल्प सुरू झाला. प्रत्येक कुटुंबातील किमान एका व्यक्तीला संगणकाची ओळख करून देणे हे त्याचे उद्दिष्ट होते. केंद्रे वस्तीजवळ उभारली गेली आणि प्रशिक्षणाच्या खर्चाचा मोठा वाटा विविध स्तरांवरील स्थानिक संस्थांनी मिळून उचलला. पुढे तीच केंद्रे शासकीय सेवांची दारे बनली.

म्हणजे सहकार्याचे दोन अर्थ आहेत. संगणकप्रणाली वाटून घेणे हा पहिला. शिकवणारे, अर्ज भरून देणारे, चूक समजावून सांगणारे मनुष्यबळ वाटून घेणे हा दुसरा. पहिल्याची प्रत काढण्यास जवळपास खर्च येत नाही, म्हणून तो झपाट्याने पसरला. दुसऱ्यासाठी दरवर्षी पगार द्यावा लागतो, आणि अंदाजपत्रकात काटछाट होते तेव्हा पहिली कुऱ्हाड त्यावरच पडण्याची भीती असते.

‘सर्व सेवा आता ऑनलाइन’ अशी घोषणा एखादी नगरपालिका करते, तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारावा : खिडकी सुरू राहणार आहे ना? २०२१च्या मे महिन्यात ती बंद होती. ती पुन्हा उघडण्यास काही आठवडे लागले, आणि महामारीत काही आठवडे हा अल्प काळ नव्हता.